न्यासा की मलावी? एक सरोवर, तीन देश आणि नावांचा घोळ

शाईपेन
मंडळी, आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचा यंदाचा विषय 'पाणी'. मी आफ्रिकेतल्या एका सरोवरावर लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडकले. माझ्या अ‍ॅटलासात 'लेक मलावी' आहे. आतेभाऊ टांझानियात दारेसलामला असतो, त्याच्या मुलीच्या शाळेच्या नकाशात तेच पाणी 'झिवा न्यासा'. मोझांबिकवाले 'लागो नियासा' म्हणतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत न्यासा, त्याहून जुन्या नकाशांत मारावी.

सरोवर लहानसहान असतं तर सोडून दिलं असतं. पण लांबी पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईहून पणजीला रस्त्याने जावं जवळजवळ तेवढी. क्षेत्रफळ सुमारे २९,६०० चौरस किलोमीटर. आफ्रिकेत व्हिक्टोरिया आणि टांगानिकाच्या खालोखाल याचाच नंबर.

तर प्रश्न दोन. हे मुळात तयार कसं झालं? आणि लेखात नाव कोणतं वापरू? संपादकबाई म्हणतात, एकच काहीतरी ठेव, वाचकाला फिरवू नकोस. माझा कल मलावीकडे आहे, बहुतेक नकाशांत तेच दिसतं म्हणून. इथे जाणकार आहेत, मतं येऊ द्या.

टवाळखोर
न्यासा म्हणजे ते रॉकेटवालेच ना? (दिवा घ्या.)

खडकवाला
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. दुसऱ्यात पडत नाही, तिथे दगडांपेक्षा माणसं कठीण असतात.

पूर्व आफ्रिकेत खंड दुभंगतो आहे. वर्षाला काही मिलिमीटर, पण थांबत नाही. जमीन दोन्हीकडे ताणली गेली की कवचाला लांबच लांब भेगा पडतात आणि मधला पट्टा खाली खचतो. ही खचदरी. तिच्या पश्चिम शाखेत ओळीने सरोवरं आहेत: अल्बर्ट, एडवर्ड, किवू, टांगानिका, आणि दक्षिण टोकाला तुमचं हे. व्हिक्टोरिया या ओळीत नाही. ते दोन शाखांच्या मधल्या सखल भागात साचलेलं, पसरट आणि उथळ पाणी आहे. दोघांना एकाच मापाने मोजू नका.

इथे जमीन दोन्ही बाजूंना सारखी खचलेली नाही. एका काठाला मोठा भंग, समोरचा काठ उताराचा, थोडं दक्षिणेला गेलं की बाजू बदलते. ईशान्येला टांझानियाच्या बाजूने लिव्हिंग्स्टन पर्वत थेट पाण्यातून वर उठतात, काठाला रस्त्यापुरतीही जागा नाही. समोर पश्चिमेच्या काठाला मात्र शेतं आहेत.

खचायला सुरुवात साधारण ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी झाली. उत्तरेला रुंग्वेचे ज्वालामुखी आहेत, त्यांच्या राखेच्या थरांवरून हे वय काढतात. दरी झाली म्हणजे लगेच सरोवर झालं असं नाही. आधी नद्या, दलदल, उथळ तळी, आणि खोल पाणी बरंच नंतर.

आता आकडे बघा. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४७५ मीटरवर. सर्वांत जास्त खोली ७०६ मीटर. वजाबाकी करा, तळ समुद्राच्याही खाली सव्वादोनशे मीटरच्या वर जातो. आणि तो तळही खरा तळ नाही, त्याखाली काही ठिकाणी चार किलोमीटर जाडीचा गाळ आहे.

प्रश्नचिन्ह
@खडकवाला, इतका गाळ साचला तर सरोवर भरून कसं गेलं नाही?

खडकवाला
कारण दरी खचतेच आहे. एकीकडून गाळ येतो, दुसरीकडून तळ खाली जातो.

त्या गाळाचा उपयोगही मोठा. २००५ मध्ये तराफ्यावर यंत्रं चढवून सरोवराच्या मधोमध तळ भोकला आणि गाळाचे लांब नमुने काढले. त्यातून दिसलं की साधारण १,३५,००० ते ७५,००० वर्षांपूर्वीच्या काळात इथे भयंकर अवर्षणं येऊन गेली. पाणी किमान ६०० मीटर खाली उतरलं होतं. आज जिथे बोटी चालतात तिथे खुरटं रान होतं.

आपण बघितलेल्या काळातही हे पाणी फार भरवशाचं नाही. बाहेर पडणारी नदी एकच, शिरे, ती पुढे झांबेझीला मिळते. बाकी बहुतेक पाणी उन्हाने उडून जातं. १९१५ ते १९३५च्या दरम्यान पातळी इतकी उतरली की शिरेत सरोवराचं पाणी जाणंच जवळपास बंद झालं होतं. तोंडावर वाळू साचली, गवत वाढलं.

तळ्यातमळ्यात
बरीच वर्षं मलावीत ब्लांटायरला आहे, त्यामुळे लिहायलाच हवं.

शाईपेनताई, इथे तुम्ही न्यासा म्हणालात तर माणसं आधी हसतील, मग 'मलावी' म्हणून दुरुस्त करतील. न्यासा हा शब्द इथल्यांना गोऱ्यांच्या राज्याची आठवण करून देतो. देशाचं नाव १९०७ पासून न्यासालँड होतं, त्याआधी ब्रिटिश सेंट्रल आफ्रिका. ६ जुलै १९६४ ला स्वातंत्र्य आलं, मलावी झालं, आणि सरोवराची पाटीही बदलली.

गंमत अशी की इथल्या याओ लोकांच्या भाषेत 'न्यासा' हा शब्द मोठ्या पाण्यासाठीच आहे. स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंग्स्टनने 'याला काय म्हणता' विचारलं, लोकांनी जे आहे ते सांगितलं, त्याने ते विशेषनाम म्हणून टिपलं.

इंग्रज आणखी एक नाव वापरत, 'कॅलेंडर लेक'. ३६५ मैल लांब, ५२ मैल रुंद म्हणून. आकडे जरा ओढूनताणून बसवलेत, पण पर्यटकांना आवडतात.

अंकासाठी एक दृश्य देतो, घ्या हवं तर. पाण्यावर दूर काळा धूर उभा राहतो. बोट जळतेय की काय असं वाटतं. ते लाखो चिलटांचे खांब असतात, वाऱ्याबरोबर झुकत काठाकडे येतात. इथे न्खुंगू म्हणतात. माणसं टोपल्या, भांडी आतून तेलाने किंवा पाण्याने ओली करून हवेत फिरवतात, चिलटं चिकटतात, मग ती चेपून काळपट वड्या थापतात आणि भाजतात. मी चाखली आहे. वास मातीचा, चव खारट. लिव्हिंग्स्टननेही या ढगांबद्दल आणि वड्यांबद्दल लिहून ठेवलंय.

टवाळखोर
दिवाळी अंकात फराळाचं सदर असेलच, पाककृती तिकडे वळवा.

नकाशावेडा
'मारावी' कुठून आलं ते सांगतो. सरोवराच्या दक्षिण-पश्चिमेला मारावी लोकांची राज्यं होती आणि पोर्तुगीजांचा त्यांच्याशी सोळाव्या-सतराव्या शतकापासून संबंध होता. १६१६ मध्ये गास्पार बोकारो झांबेझीवरच्या तेते गावाहून निघून पूर्व किनाऱ्यावरच्या किल्वा बंदराला गेला, तो याच भागातून. अठराव्या शतकात फ्रेंच नकाशाकार दाँव्हिलच्या नकाशात एक लांबट, अरुंद 'मारावी' सरोवर दिसतं. बाकीचा आफ्रिका कोरा आणि हे एक पाणी. नुसत्या ऐकीव माहितीवर काढलेलं, तरी आकार बऱ्यापैकी बरोबर!

त्यामानाने पुढची पिढी घसरली. मोंबासाजवळचे जर्मन मिशनरी एर्हार्ट आणि रेबमान यांनी काफिल्यांकडून ऐकलं की आत गेलं की मोठं पाणी लागतं. किल्व्याचा माणूस तेच सांगे, टांगा बंदराचाही तेच. त्यांनी व्हिक्टोरिया, टांगानिका आणि न्यासा ही तिन्ही सरोवरं जोडून एकच अवाढव्य समुद्र काढला. १८५६ मध्ये तो नकाशा लंडनला पोचला आणि त्या आकाराची लोकांनी 'गोगलगाय' म्हणून टर उडवली. पण तीच गोगलगाय शोधायला बर्टन आणि स्पीक हे इंग्रज प्रवासी निघाले. कुठून निघाले? मुंबईहून. डिसेंबर १८५६ मध्ये 'एल्फिन्स्टन' नावाच्या जहाजाने झांझिबारला.

लिव्हिंग्स्टन शिरे नदीच्या बाजूने सप्टेंबर १८५९ मध्ये या सरोवराच्या दक्षिण टोकाला पोचला. तेतेच्या कार्दोझो नावाच्या व्यापाऱ्याचं म्हणणं होतं की तो १८४६ मध्येच जाऊन आला होता. लिव्हिंग्स्टनने ते मानलं नाही. शोधाचं श्रेय वाटून घेण्याची त्याला फारशी हौस नव्हती.

आणि बांडांनी, म्हणजे मलावीच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी, देशाचं नाव जुन्या फ्रेंच नकाशावरच्या 'मारावी'वरून सुचल्याचं स्वतःच सांगितलं होतं. थोडक्यात, न्यासा गोऱ्याने टिपलेलं म्हणून टाकलं आणि जे घेतलं तेही गोऱ्याच्या नकाशातून.

तळ्यातमळ्यात
@नकाशावेडा, शेवटचं वाक्य चुरचुरीत आहे पण अर्धवट. नकाशावर ते नाव कुणामुळे आलं? इथल्या राज्यामुळे. नकाशा परका, नाव इथलंच.

नकाशावेडा
याओ लोकांचं 'न्यासा' मग कुठलं, चंद्रावरचं?

दारेसलामकर
ब्लांटायरच्या काकांचा मान राखून विरुद्ध बाजू मांडतो.

इकडे कुणीही मलावी म्हणत नाही. आणि हा नुसता भाषेचा हट्ट नाही, नावाआड हद्दीचा वाद आहे. १ जुलै १८९० ला इंग्रज आणि जर्मन यांनी तह केला, त्यात सरोवराची हद्द पूर्वेच्या काठाने आखली. म्हणजे पाणी सगळं इंग्रजांचं, जर्मनांना कोरडा काठ. तो जर्मनांचा भाग म्हणजे आजचा टांझानिया. त्या ओळीप्रमाणे टांझानियाच्या काठावरच्या म्बांबा बे गावचा कोळी गुडघाभर पाण्यात उतरला की परदेशात गेला! मलावी आजही तीच ओळ धरून आहे. टांझानिया म्हणतो, दोन देशांमध्ये पाणी असेल तर हद्द मधोमध, जगभर असंच असतं. पहिल्या महायुद्धानंतर दोन्ही बाजू इंग्रजांकडे होत्या, तेव्हाच्या त्यांच्याच काही अहवालांत हद्द मधून दाखवली आहे.

१९६७ मध्ये टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी हा मुद्दा जाहीरपणे काढला, तर बांडांनी उलट टांझानियातल्या सोंगेआ, म्बेयापर्यंतची जमीनच आमची म्हणून सांगितलं. सरोवराचं नाव देशाच्या नावावर ठेवलं की सातबारा आपोआप आपल्या नावे झाला असं वाटायला लागतं. म्हणून इकडे न्यासा सोडत नाहीत.

वकीलसाहेब
दारेसलामकर, एक बाजू राहिली. १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकी ऐक्य संघटनेने ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी ज्या हद्दी होत्या त्या सगळ्यांनी मान्य करायच्या. आणि तो ठराव पुढे करणाऱ्यांत खुद्द न्येरेरे होते. त्याआधी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, तांगानिकाच्या (आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीच्या) सरकारने आपल्याच संसदेत हद्द काठावर असल्याचं सांगितलं होतं. कोर्टात गेलं तर टांझानियाला हे जड जाईल. न्याय्य काय ते वेगळं, मला विचाराल तर मधली ओळच न्याय्य.

मोझांबिकचं प्रकरण १९५४ मध्येच मिटलं. इंग्रज-पोर्तुगीज करारात हद्द पाण्याच्या मधोमध आली. एकाच सरोवरात शेजाऱ्याला अर्धं पाणी मिळतं आणि दुसऱ्याला थेंबही नाही, टांझानियाचा राग कळण्यासारखा आहे.

दारेसलामकर
अगदी. आणि २०११ मध्ये मलावीने तळाखाली तेल शोधायचा परवाना एका ब्रिटिश कंपनीला दिल्यावर तो राग पेटला. २०१२ ला वातावरण बरंच तापलं होतं, मग मोझांबिकचे माजी राष्ट्राध्यक्ष शिसानो आणि इतर मंडळी मध्यस्थीला बसली. तोडगा अजून नाही.

संचालक
चर्चा छान चालली आहे. आपल्याकडच्या शहरांच्या नामांतराचा विषय इथे आणू नये. त्या दिशेचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

टवाळखोर
त्यातला एक माझा होता. श्रद्धांजली.

काचपेटी
कुणीच माशांबद्दल बोलत नाही! या सरोवरात ८०० ते १००० जातींचे मासे आहेत, जगात दुसऱ्या कुठल्याही सरोवरात इतक्या नाहीत, आणि बहुतेक सिक्लिड कुळातले. घरी टाकी ठेवणाऱ्यांना 'मलावी सिक्लिड' नवे नाहीत. हळदीसारखा पिवळाधम्मक आणि पाठीच्या पंखावर काळी रेघ, तो 'इलेक्ट्रिक यलो' इथलाच. माझ्या टाकीत आहेत. पाणी जड लागतं, म्हणून खाली प्रवाळाचा चुरा घालतो. मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत जवळपास खात नाही. घसा फुगलेला दिसला की समजायचं. नवशिके आजारी आहे म्हणून औषध ओततात.

खडकांत राहणाऱ्यांना तिथे म्बुना म्हणतात. त्यांना वाळू ओलांडायला आवडत नाही, त्यामुळे या खडकावरची जात पलीकडच्या खडकावर नसते. @खडकवाला, पाणी ६०० मीटर उतरलं तेव्हा हे खडक कोरडे पडले असणार ना?

खडकवाला
हो. पाणी उतरलं की जुने खडकाळ काठ गेले, चढलं की नवे बुडाले, माशांना पुन्हा पहिल्यापासून जागा वाटून घ्याव्या लागल्या. इतक्या जाती होण्यामागे हे एक कारण मानतात. आणि खोल पाण्यात मासे शोधू नका. साधारण २०० ते २५० मीटरखाली प्राणवायूच नाही. वरचं आणि खालचं पाणी सहसा मिसळत नाही.

तळ्यातमळ्यात
खाण्याचे मासे म्हणाल तर चांबो. तव्यावर भाजलेला चांबो आणि न्सिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) हे इथलं रविवारचं जेवण. पण चांबो आता महाग झालाय, जाळ्यांनी पार उपसला. गरिबाच्या ताटात उसिपा, बोटाएवढी चंदेरी मासळी, काठावर बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेली असते.

पाठपिशवी
केप मक्लिअरला राहिले आहे. पाणी इतकं नितळ की किनाऱ्यावरूनच रंगीत मासे दिसतात. राष्ट्रीय उद्यान आहे, १९८४ पासून युनेस्कोच्या यादीत. पण पोहायच्या आधी बिलहार्झियाची माहिती घ्या, गोगलगायींमधून येणारा परजीवी आहे. परत आल्यावर तपासणी करून औषध घ्यावं लागतं. मला लागलं.

टवाळखोर
नकाशातली गोगलगाय शेवटी पाण्यात सापडली म्हणायची.

रणगाडा
या सरोवरावर पहिल्या महायुद्धातली अगदी सुरुवातीची नाविक 'लढाई' झाली, ती सांगितल्याशिवाय धागा पुढे नको. इंग्रजांची एक तोफबोट, 'ग्वेंडोलेन', कप्तान र्‍होड्स. जर्मनांची एक, 'हेरमान फोन विसमान', कप्तान बेर्न्ट. दोघे जुने दोस्त, भेटले की पेले रिकामे करायचे. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धाची बातमी र्‍होड्सला आधी कळली. १३ तारखेला तो स्फिंक्सहाफेनला पोचला, म्हणजे आजचं लिउली. जर्मन बोट दुरुस्तीसाठी काठावर ओढलेली होती. याने तोफ डागली. बेर्न्ट भडकून होडीतून वल्हवत आला आणि ओरडला, दारू चढली का तुला? मग त्याला कळलं की युद्ध सुरू झालंय आणि आपण कैदी आहोत.

नाशिककर
वर मुंबईचा उल्लेख आला म्हणून नाशिकचाही करतो. आमच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात, पण शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीचा आफ्रिकी आश्रम होता हे किती जणांना ठाऊक आहे? गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली मुलं मुंबईला उतरवत, त्यातली बरीच इथे येत. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकत. पूर्व आफ्रिकेत त्यांना 'बाँबे आफ्रिकन' म्हणत.

लिव्हिंग्स्टनने या सरोवरावर गुलामांच्या व्यापाराला आळा घालायला स्वतःच्या पैशांनी एक छोटी आगबोट बांधून घेतली होती, 'लेडी न्यासा'. सुटे भाग करून धबधब्यांवरून सरोवरात न्यायचा बेत होता. ती सरोवरात कधी पोचलीच नाही. शेवटी तो स्वतः ती चालवत झांझिबारहून अरबी समुद्र ओलांडून मुंबईला आला, जून १८६४, पावसाळा तोंडावर. बोट इतकी लहान की बंदरात कुणाचं लक्षही गेलं नाही. पुढे ती मुंबईतच विकली आणि ते पैसे बँक बुडाल्याने गेले. बरोबर दोन याओ मुलं होती, चुमा आणि वेकोतानी. त्यांना मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकायला ठेवलं.

१८६६ मध्ये तो मुंबईहून पुन्हा निघाला तेव्हा नाशिकच्या शाळेतली काही मुलं बरोबर होती. चुमाही होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा चुमा, त्याचा सेवक सुसी आणि साथीदारांनी त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणलं. तो वारला तिथल्या झाडावर त्याचं नाव कोरलं ते जेकब वेनराइटने. तो नाशिकच्या शाळेचा विद्यार्थी. शवाबरोबर इंग्लंडलाही तोच गेला.

शाईपेनताई, तुमच्या लेखात महाराष्ट्र हवाच असेल तर हा खरा दुवा आहे. बाकी ओढूनताणून आणू नका.

गिरणगावकर
नाशिककर, वाह! आमच्या बंदरात 'न्यासा' नावाची बोट विकली गेली होती, हे आज कळलं. म्हणजे मुंबईकरांनी न्यासाच म्हणावं.

प्रश्नचिन्ह
बाकीच्या सरोवरांची नावं का नाही बदलली? व्हिक्टोरिया अजून व्हिक्टोरियाच.

नकाशावेडा
बदलली की. ऑस्ट्रियाच्या राजपुत्राच्या नावाचं रुडॉल्फ १९७५ मध्ये तुर्काना झालं. अल्बर्टला झाईरच्या (आजच्या काँगोच्या) हुकूमशहा मोबुटूने १९७३ मध्ये स्वतःचं नाव दिलं, तो गेल्यावर परत अल्बर्ट. व्हिक्टोरियाला गांडा लोक नालुबाले म्हणतात, लुओ लोक नाम लोल्वे, पण काठावर तीन देश. एकाने बदललं तर उरलेले दोन मानतील का, हा प्रश्न तिथेही आहेच.

शाईपेन
सगळ्यांचे आभार, लेख आता पुरवणी होईल इतका वाढलाय. नावाचं मी असं ठरवलंय: शीर्षकात दोन्ही. आत ज्या काठाबद्दल लिहीन त्या काठाचं नाव. काचपेटी आणि पाठपिशवीच्या मजकुरात मलावी, दारेसलामकरांच्या कोळ्यांकडे न्यासा, लिव्हिंग्स्टनच्या काळात अर्थात न्यासा, दाँव्हिलच्या नकाशात मारावी. संपादकबाईंना वकीलसाहेबांचे दोन्ही प्रतिसाद वाचायला दिले. त्या म्हणाल्या, चालेल, पण पहिल्या पानावर नकाशा हवाच.

वकीलसाहेब
नकाशात हद्द कुठून दाखवणार? काठावरून की मधून?

शाईपेन
तुटक रेघ.

तळ्यातमळ्यात
पसंत आहे. फक्त लिकोमा बेट विसरू नका. ते १९५४ च्या ओळीपलीकडे, मोझांबिकच्या पाण्यात आहे, पण बेट मलावीचं, कारण तिथे इंग्रज मिशनचं मोठं कॅथेड्रल होतं. त्या बेटाच्या काठाला कोणतं नाव देणार?

शाईपेन
काका, अंक २५ तारखेला छापायला जायचाय हो!